दाभण, ढीग आणि वही

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक, गावाच्या नावातच असलेली रेणुकाई. दुसरी, हिरव्या मिरचीचा बाजार. हंगामात आसपासच्या खेड्यांतून मिरची येऊ लागते, ढीग पडतात, भाव फुटतो, काटे लागतात आणि भरलेल्या गाड्या परराज्यांच्या वाटेला लागतात. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. परंतु या भागातील व्यापार जिल्ह्याहून पुष्कळच जुना आहे. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आणि भोगवर्धनच्या दात्यांची नावे सांची व भारहुत येथील स्तूपांवरच्या दानलेखांत कोरलेली आहेत. म्हणजे इथला माल आणि इथली माणसे दूरवर जात होती, तेव्हाही कोणी तरी तो माल निवडत असणार, भरत असणार, शिवत असणार. त्यांची नावे कोरण्याचा प्रश्न अर्थातच कधी आला नाही.

अशाच एका खरेदीदाराच्या शेडात मी काही वेळ बसून होतो. ताडपत्रीवर मिरचीचा ढीग. ढिगाभोवती बाया बसलेल्या; नासकी, पिकलेली, मोडकी मिरची बाजूला काढणे हे त्यांचे काम. पलीकडे दोन गडी गोण्या भरून दाभणाने तोंडे शिवत होते. कोपऱ्यात टेबलावर वही, आणि वहीपाशी मालकाच्या नात्यातला एक मुलगा. निवडीच्या ढिगाशी बारावी झालेला एक पोरगाही बसला होता. त्याला शिवायला का घेत नाही, असे मी मुकादमाला सहज विचारले. तो म्हणाला, ‘ज्याला जे जमतं त्यानं ते करावं, साहेब. उगं हात बदलले की माल अडतो.’

मुकादमाचे म्हणणे सरळ होते, आणि अर्धे खरेही होते. हेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सापडते. तिथे त्याला तौलनिक लाभाचा सिद्धांत म्हणतात. आणि हेच वाक्य आणखी थोड्या वेगळ्या शब्दांत आपल्या वाडवडिलांना हजारो वर्षे ऐकवले गेले. तिथे त्याला स्वधर्म म्हणत. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ इतके सारखे दिसतात की आपली शिकलेली मुलेसुद्धा पुष्कळदा फसतात. कोणी पहिल्याला खरे मानून दुसऱ्याला गुपचूप मान देतो, तर कोणी दुसऱ्याच्या रागाने पहिल्यालाही फेकून देतो. मला दोन्ही मान्य नाहीत. सिद्धांत नीट समजून घेतला तर तो आपल्या विरुद्ध नाही. मात्र तो जिथे थांबतो तिथे आपण थांबता कामा नये. यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. वाचकांनी कंटाळू नये. हिशेब शाळेतल्या बेरीज-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

समजा, एका शेडात दोनच कामगार आहेत, एक जुना आणि एक नवा. कामे दोन: मिरची निवडणे, आणि निवडलेली मिरची गोणीत भरून तोंड शिवणे. प्रत्येक गोणीला दोन्ही कामे लागतातच. जुना एका तासात ६ गोण्यांची मिरची निवडतो, किंवा १२ गोण्या भरून शिवतो. नवा तासात ३ गोण्यांची मिरची निवडतो, किंवा ३ गोण्या शिवतो. दिवस आठ तासांचा. (हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, कोणत्याही शेडात घड्याळ लावून मोजलेले नाहीत.)

पाहताक्षणी काय दिसते? जुना दोन्ही कामांत वरचढ आहे. निवडीत दुप्पट, शिवण्यात चौपट. मग नव्याला ठेवायचेच कशाला, असे कोणीही म्हणेल. तौलनिक लाभाचा सिद्धांत जे सांगतो ते नेमके इथे सांगतो, आणि ते आपल्या उपयोगाचे आहे: जो दोन्हींत मागे आहे त्यालाही एका कामात जागा आहे, आणि ती जागा दयेची नाही, हिशेबाची आहे.

कशी ते पाहू. दोघांनी आपापले ढीग वेगळे ठेवून सगळे स्वतःच केले, तर जुन्याला एका गोणीमागे निवडीची १० आणि शिवण्याची ५ मिनिटे, म्हणजे १५ मिनिटे लागतात. दिवसाला ३२ गोण्या. नव्याला २० आणि २०, म्हणजे ४० मिनिटे लागतात. दिवसाला १२ गोण्या. एकूण ४४.

आता नव्याला दिवसभर केवळ निवडीवर बसवा. तो २४ गोण्यांची मिरची निवडेल. जुन्याने चार तास निवड करावी. त्याचीही २४ गोण्यांची निवड होते. उरलेल्या चार तासांत तो ४८ गोण्या शिवतो. निवडलेल्या ४८, शिवलेल्या ४८. माणसे तीच, तास तेच, दाभण तेच; आणि चार गोण्या जास्त.

उलट, नव्याला शिवण्यावर बसवले तर? तो २४ गोण्या शिवेल. जुन्याला ४० गोण्यांची निवड करण्यात पावणेसात तासांच्या आसपास घालवावे लागतील, आणि उरलेल्या वेळात तो जेमतेम १६ शिवेल. एकूण ४०. म्हणजे वेगवेगळे राहून होत होते त्याहूनही चार कमी. मुकादम म्हणतो तसा माल अडला. मुकादम चूक नव्हता.

हे कशामुळे होते? कोण वेगवान आहे हे इथे पाहायचे नसते. कोण काय सोडून देतो ते पाहायचे असते. जुना जेव्हा एका गोणीची निवड करतो, तेव्हा तेवढ्या दहा मिनिटांत शिवता आल्या असत्या अशा दोन गोण्या तो सोडून देतो. नवा एका गोणीची निवड करतो तेव्हा एकच गोणी सोडतो. नव्याची निवड हळू आहे, पण स्वस्त आहे. या सोडून दिलेल्या गोष्टीलाच अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात. दोन्ही कामांत वेगवान असणे कोणालाही शक्य आहे. पण दोन्ही कामांचा संधी खर्च एकाच माणसाचा कमी असणे गणितानेच शक्य नाही. ज्याची निवड महाग, त्याचे शिवणे स्वस्त असणारच.

कागदावर काढून पाहायचे असेल तर आडव्या रेषेवर निवडलेल्या गोण्या मांडा, उभ्या रेषेवर शिवलेल्या. दोघांनी दिवसभर फक्त शिवले (निवडलेला माल आधीपासून पडून असेल तर), तर १२०. दोघांनी फक्त निवडले तर ७२. या दोन टोकांमधली रेषा सरळ येत नाही. वरच्या टोकापासून निघाले की पहिल्या २४ गोण्यांच्या निवडीपर्यंत ती सौम्य उताराने येते, कारण निवडीवर आधी नवा बसतो आणि एका निवडीमागे एकच शिवण जाते. तिथे रेषेला कोपर येते. पुढे जुन्यालाही निवडीवर बसवावे लागते आणि उतार दुप्पट तीव्र होतो. हाच उत्पादन शक्यता वक्र. शेडात माणसे अधिक असली की कोपरे अधिक येतात आणि दुरून पाहता रेषा गोलसर दिसते. पुस्तकांत ती कमानीसारखी काढतात ती यामुळे. रेषेच्या आत राहणे म्हणजे काही तरी वाया घालवणे. रेषेच्या बाहेर जाणे त्या दिवशी, त्या हातांनी, शक्य नसते. ‘त्या दिवशी’ आणि ‘त्या हातांनी’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत.

हा विचार प्रथम ठसठशीतपणे मांडला तो डेव्हिड रिकार्डो याने, १८१७ साली, आणि तो देशांविषयी मांडला. त्याच्या उदाहरणात इंग्लंडला ठरावीक कापड करायला वर्षभर १०० माणसे लागतात आणि ठरावीक मद्य करायला १२०. पोर्तुगालला तेच मद्य ८० माणसांत आणि तेच कापड ९० माणसांत होते. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही त्याने मद्य करावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, यात दोघांचाही फायदा आहे, असे रिकार्डोने दाखवले. गणित बिनचूक आहे. मात्र एक लहानशी गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडचे लोकरी कापड पोर्तुगालने येऊ द्यावे आणि पोर्तुगालच्या मद्याला इंग्लंडने जकातीत सवलत द्यावी, असा मेथ्युएन करार १७०३ सालीच झाला होता. उदाहरण पुस्तकात येण्यापूर्वी शंभरावर वर्षे ते तहनाम्यात होते. कोणाला काय जमते हे बाजार एकटा ठरवत नाही. त्यामागे सह्या असतात, जकाती असतात, आरमार असते. आपल्याकडे जकातीच्या जागी गावकी होती.

आता त्या चार जादा गोण्यांकडे येऊ. त्या कोणाच्या?

जुना आणि नवा हे दोघे भागीदार असते, तर त्यांना आपसात एक दर ठरवावा लागला असता: एका निवडीच्या बदल्यात किती शिवणी? दर एक-एक ठरला तर हिशेबाने नव्याच्या वाट्याला १२ च गोण्या येतात, जेवढ्या तो एकटा करत होता. आणि जुन्याला ३६. चारही गोण्या जुन्याच्या. दर एका निवडीला दोन शिवणी असा ठरला तर जुना ३२ वरच राहतो आणि नव्याला १६. चारही गोण्या नव्याच्या. खरा दर या दोहोंच्या मध्ये कुठे तरी पडतो. नेमका कुठे, याविषयी तौलनिक लाभाचा सिद्धांत मौन पाळतो. तो फक्त कुंपण दाखवतो. कुंपणाच्या आत जागा कोण अडवणार हे गरज कोणाला किती आहे, वाट कोण पाहू शकतो, घरी चूल कोणाची अडली आहे यावर ठरते. आणि शेडात तर दोघेही रोजावर असतात. रोज ठरलेला, म्हणून चारही गोण्या वहीपाशी जातात. सिद्धांत शिकवणारे बहुतेक जण ‘दोघांचाही फायदा होतो’ इथे थांबतात. होऊ शकतो, एवढेच खरे आहे.

या वाटणीत संघटनेने काय फरक पडतो याचे महाराष्ट्रात एक मोठे उदाहरण आहे: १९६९ चा माथाडी, हमाल व इतर अंगमेहनती कामगारांचा कायदा. अण्णासाहेब पाटलांच्या काळात मुंबईच्या बाजारांतील हमालांनी तो लढून मिळवला. त्या कायद्याच्या परिशिष्टात बाजारातील चढ-उतार आणि तोल-मापाच्या कामांबरोबर भरणे, शिवणे, निवडणे, साफ करणे हे शब्दही आलेले आहेत. कायद्याला ढिगाशी बसलेली बाई ठाऊक आहे. तिला कायदा ठाऊक आहे का, हा वेगळा प्रश्न. समान कामाला स्त्री-पुरुषांस समान वेतन देण्याचा केंद्राचा कायदा १९७६ साली झाला. पण काम आधीच बायांचे आणि गड्यांचे असे वाटलेले असेल तर समान काम सापडणार कुठे? निवडीवर बाया, दाभणावर गडी. दोघांचा रोज वेगळा, आणि कायद्याचा भंग कुठेच नाही.

शिवाय हिशेबात न येणारी एक बाब आहे. आठ तास हिरवी मिरची हाताळली की हाताची आग होते. घरी जाऊन पाण्यात हात बुडवून बसावे लागते, लेकराच्या डोळ्याला हात लावता येत नाही. माझ्या आकड्यांत निवडीचा तास आणि शिवण्याचा तास सारखाच धरला आहे. तो सारखा नाही. दोघांनी दोन्ही कामे केली तर ही आग दोघांत वाटली जाते. काम वाटले की आग एकाकडे जाते. चार गोण्यांचा फायदा सांगताना हे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे हे मला अद्याप कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.

पण या सगळ्याहून मोठा प्रश्न पुढेच आहे. नव्याचा वेग तासाला तीनच का?

सिद्धांत हा वेग दिलेला धरून चालतो. जसा पाऊस दिलेला, जमीन दिलेली, तसे माणसाचे कसब दिलेले. वर्णव्यवस्थेच्या समर्थकांना नेमके हेच हवे असते. ते म्हणतात, गुण जन्माने येतात, कामे गुणांनुसार वाटली, यात अन्याय काय? मौज अशी की ज्याच्या नावाने श्रमविभागणीचे गोडवे गायले जातात त्या अॅडम स्मिथनेच याला आधी उत्तर देऊन ठेवले आहे. १७७६ च्या ग्रंथात त्याने तत्त्ववेत्ता आणि रस्त्यावरचा हमाल यांची तुलना केली आहे. त्यांच्यातील अंतर निसर्गाने फारसे पडलेले नसते, सवय, रूढी आणि शिक्षण यांनी पडते. सहा-आठ वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या आईबापांना वा सवंगड्यांना दोघांत फरकही दिसला नसता, असा त्याचा आशय आहे. स्मिथच्या मते कसबातील फरक हे श्रमविभागणीचे कारण कमी आणि परिणाम जास्त. हमालाच्या शेजारी बसून हा ग्रंथ वाचला पाहिजे.

बाबासाहेबांनी हीच गोष्ट आपल्या देशाच्या संदर्भात अधिक धारदार केली. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या ग्रंथात त्यांनी दाखवले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. ती व्यक्तीच्या आवडीवर वा पात्रतेवर उभी नाही, आईबापांच्या सामाजिक दर्जावर उभी आहे. त्याच विवेचनात एक शुद्ध अर्थशास्त्रीय मुद्दा आहे, ज्याकडे आपल्याकडच्या चर्चेत कमी लक्ष जाते. धंदे बदलत असतात, एकाचा ऱ्हास होतो, दुसरा वाढतो. माणसाला एकातून दुसऱ्यात जाता आले तरच त्याला काम राहते. जात ही वाट बंद करते आणि म्हणून ती बेकारीचे थेट कारण बनते. उत्पादन शक्यतेच्या भाषेत सांगायचे तर जात समाजाला रेषेच्या आत अडकवून ठेवतेच, शिवाय रेषेला बाहेर सरकू देत नाही.

हे पुस्तकी नाही. आमच्या जालन्याची रेल्वे औरंगाबादवरून मनमाडला जाते. निजामाच्या काळात त्या रेल्वेची मनमाडला जी. आय. पी. रेल्वेशी गाठ पडे. त्याच मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेवरील दलित कामगारांची परिषद भरली, आणि अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या कामगारांच्या दोन शत्रूंचा उल्लेख केला. ते भाषण या दोन शत्रूंसाठी लक्षात राहिले. पण त्यात कामांच्या वाटणीचा बारीक तपशीलही आहे. रेल्वेत दलित माणूस गँगमन होई आणि गँगमनच राही. त्याला पोर्टर होता येत नसे. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामेही करवून घेई, आणि अस्पृश्य माणूस घरात कसा घेणार? कारखान्यांत तो यंत्रकारागीर होत नसे. पोर्टरचे काम त्याला जमत नव्हते असे कोणी म्हटले नव्हते. स्टेशनमास्तरच्या घरची घागर मध्ये आली होती.

मुंबईच्या कापड गिरण्यांत तर हा हिशेब अधिकच उघडा होता. विणाई खात्यात मजुरी जास्त. दलित कामगार मात्र कताईच्या खात्यांत, कमी मजुरीवर. कारण काय, तर धोट्यातून धागा बाहेर काढताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर हाती घेईना. १९२८ च्या मोठ्या संपात सर्व खात्यांत काम मिळण्याची मागणी संपाच्या मागण्यांत आली पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला, तोही मालकांकडे नव्हे, कामगारांच्या पुढाऱ्यांकडे. आता कल्पना करा, वीस वर्षे कताईवरच राहिलेल्या माणसाचा विणाईचा वेग मोजला तर तो किती भरेल? तासाला तीन. मग कोणी तरी गंभीर चेहऱ्याने सांगेल की याचा तौलनिक लाभ कताईत आहे. आधी दार लावायचे, मग दाराबाहेरच्याला आतले काम येत नाही म्हणून मोजमाप दाखवायचे. मोजमाप खोटे नसते. दार लपवलेले असते.

आपण पुन्हा शेडात येऊ, कारण दार उघडले तर काय होते हेही आकड्यांतच पाहायला हवे.

समजा, नव्याला महिनाभर शिवण्यावर बसवले आणि त्या महिन्यात त्याचा हात बसला. आता तो जुन्यासारख्याच तासाला १२ गोण्या शिवतो. निवड मात्र पूर्वीइतकीच हळू, ३. आता त्याची एक निवड म्हणजे चार शिवणी सोडणे. जुन्याची मात्र दोनच. पारडे उलटले! आता जुन्याने निवडीला बसावे आणि नव्याने दाभण धरावे, असे तोच सिद्धांत सांगतो. तसे केले की दिवसाच्या गोण्या ४८ वरून ५७ च्या वर जातात. निवडीचाही हात बसला आणि दोघे बरोबरीचे झाले, तर ६४. म्हणजे कामे वाटून घेतल्याने मिळाल्या चार गोण्या; शिकल्याने मिळतात त्यावर आणखी सोळा. जे ‘ज्याचे त्याचे काम’ म्हणून सांगितले जात होते ते महिनाभराच्या दाभणाने बदलले. जन्माचा त्यात कुठे संबंध आला नाही.

मग मुकादम नव्याला शिवायला का बसवत नाही? तो दुष्ट आहे म्हणून नव्हे. शिकण्याचा तो महिना महाग आहे. नवा शिवण्यावर म्हणजे दिवसाला ४० गोण्या, हे आपण वर पाहिले. ४८ च्या जागी ४०. रोज आठ गोण्यांचा तोटा. तीस दिवसांचा तोटा २४० गोण्या. पुढे रोज साडेनऊच्या आसपास गोण्या जास्त निघतात, म्हणजे २५ दिवसांत हा तोटा भरून निघतो. पुढचा सगळा हंगाम नफा. हिशेब इतका सरळ असूनही तो कोणी करत नाही, कारण २४० गोण्या कोणी भरायच्या हे ठरत नाही. मालक म्हणतो, मी शिकवावे आणि याने दुसऱ्या शेडात जावे? पोरगा म्हणतो, महिनाभर अर्धा रोज घेतला तर घरी काय नेऊ? दोघांचेही खरे आहे. ज्याच्या घरी एक महिना थांबण्यापुरते दाणे आहेत त्याचा मुलगा शिकतो. वहीपाशी बसलेला मालकाच्या नात्यातला मुलगा असाच तर शिकला. त्याच्या चुका कोणी मोजल्या नाहीत. आमच्या पोराच्या पहिल्याच वाकड्या टाक्याला ‘हे तुझं काम न्हाई’ असे नाव मिळते.

हा खर्च सरकारने उचलावा ही मागणी बाबासाहेबांनी फार लवकर केली होती. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांसाठी शास्त्रीय व तांत्रिक शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत उमेदवार म्हणून घेण्याची मागणी केली. आपल्या समाजात शिष्यवृत्ती म्हटले की वही-पुस्तकच डोळ्यांसमोर येते. त्या निवेदनातल्या छापखान्याकडे आणि कारखान्याकडे आपण कमी पाहिले. तरुण वयातच, १९१८ च्या लहान शेतीधारणेवरील निबंधात, त्यांनी तुकडा लहान की मोठा एवढ्यावर बोट न ठेवता त्या तुकड्यावर श्रम आणि भांडवल कोणत्या प्रमाणात लागते हे पाहायला सांगितले होते. शेतीवर रिकामे पडलेले हात दुसऱ्या उद्योगांत गेले पाहिजेत हा त्यांचा निष्कर्ष होता. हात जायचे तर दार उघडे हवे आणि शिकण्याचा महिना कोणी तरी भरायला हवा.

अलीकडे आपली मुलेही छोटे धंदे काढू लागली आहेत. चार मित्र मिळून गाडी घेतात, माल भरतात, मसाला कुटण्याचे यंत्र बसवतात. त्यांच्यातही मला हेच दिसते. ज्याला हिशेब येतो तो पहिल्या दिवसापासून वही धरतो आणि दहा वर्षांनीही वही त्याच्याकडेच असते. बाकीचे ओझी उचलतात आणि एक दिवस भांडण होते. कामे वाटून घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. रोजच्या घाईत ज्याचे स्वस्त त्याने करावे, हेच शहाणपणाचे. पण भागीदारीच्या कागदावर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी लिहून ठेवता येतील. जादा गोण्यांची वाटणी कोणत्या दराने. आणि वर्षातला कोणता महिना शिकण्याचा, ज्यात दाभणवाला वही धरील आणि वहीवाला ढिगाशी बसेल, आणि त्या महिन्याचा तोटा सगळ्यांच्या नावावर पडेल. हंगाम सरता सरता, आवक कमी झाली की तो महिना घ्यावा; तेव्हा २४० गोण्यांचा तोटा इतका पडणारही नाही, कारण तेवढा माल मुळात नसतोच.

मुकादमाला मी हा हिशेब कागदावर करून दाखवला. त्याने तो नीट पाहिला, २५ दिवसांचा आकडा दोनदा मोजला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. ‘मालकाला दाखवतो,’ म्हणाला. मग जरा थांबून विचारले, ‘पर निवडीवर कोण बसंल? जुना गडी बसंल का बायांच्या शेजारी?’